फ्लॅश-कॅसेट

जुन्या दूरचित्रवाणी-खेळयंत्रात (कन्सोलमध्ये) मूळ कॅसेटच्या जागी बसविता येणारी आणि खेळांच्या फाइली पुनःपुन्हा भरता व पुसता येतील अशी स्मृती असलेली कॅसेट. या वस्तूचे मूळ नाव कार्ट्रिज. तथापि मुंबई-पुण्याप्रमाणेच भंडारा, गोंदिया यांसारख्या गावांतही टीव्ही गेमच्या या चपट्या प्लॅस्टिक डबीला मुलांनी कॅसेट म्हटले व तेच नाव रूढ झाले. तीत फीत मुळीच नसते. असते ते एक मुद्रित मंडल, त्यावरील चिपा आणि खालच्या कडेला धातूच्या संपर्क-पट्ट्यांची रांग.

मॅग्नव्हॉक्स ओडिसी (१९७२) या पहिल्या घरगुती यंत्राच्या पत्त्यांत केवळ जोडतारा असत, आज्ञावली नसे. आज्ञावली साठविलेली बदलती कॅसेट प्रथम फेअरचाइल्ड चॅनल एफ (१९७६) या यंत्रात आली. जेरी लॉसन (१९४०–२०११) या कृष्णवर्णीय अमेरिकन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीच्या यंत्राने ही पद्धती घरोघर नेली, तर जपानमध्ये १९८३ साली निंटेंडोचे फॅमिकॉम बाजारात आले.

फॅमिकॉमच्या प्रक्रियकाला कॅसेटमधील आज्ञावलीचे साधारणतः ३२ किलोबाइट एका वेळी दिसतात. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) हा खेळ चित्रांसह अवघ्या ४० किलोबाइटांत मावला. त्याहून मोठ्या खेळांसाठी स्मृतीचे भाग आळीपाळीने पुढे आणणारी जादा चिप कॅसेटमध्येच बसवावी लागली. तिला मॅपर म्हणतात. काही कॅसेटींत खेळाची प्रगती टिकविण्यासाठी बटण-घट आला. स्टार फॉक्स (१९९३) या खेळाच्या कॅसेटमध्ये तर त्रिमितीय चित्रणाकरिता स्वतंत्र प्रक्रियकच होता. अशा रीतीने कॅसेट ही साठवण न राहता यंत्राचाच एक अवयव बनली. फ्लॅश-कॅसेटची खरी अडचण येथेच आहे : केवळ फाइल उतरवून भागत नाही, नाहीसे झालेले मंडलही पुन्हा उभे करावे लागते.

मूळ कॅसेटमधील स्मृती कारखान्यातच कायमची कोरलेली असे. पुसता येण्याजोगी चिप (ईप्रॉम) डॉव्ह फ्रोमन यांनी इंटेलमध्ये १९७१ साली विकसित केली. तिच्यावरील क्वार्ट्‌झच्या खिडकीतून जंबुपार किरण सोडून ती पुसावी लागे. हा खटाटोप फ्लॅश स्मृतीने संपविला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये तज्ञांपुढे मांडली. एका झटक्यात पुसले जाण्याच्या गुणामुळे कॅमेऱ्याच्या लखलखाटावरून तिला हे नाव पडले.

नकलेचा व्यवसाय मात्र त्याआधीच उभा राहिला होता. स्वतः निंटेंडोनेही १९८६ मध्ये चुंबकीय तबकडीवर ५०० येनांत नवा खेळ भरून देणारी यंत्रे जपानी दुकानांत ठेवली होती. पुढे तैवान व हाँगकाँग येथून कॅसेट उतरवून फ्लॉपीवर घेणारी उपकरणे आली. त्यांतील नक्कल वीज बंद होताच नष्ट होई. फ्लॅश स्वस्त झाल्यावर हातातील यंत्रांसाठी कायम नक्कल टिकविणाऱ्या कॅसेटी निघाल्या. यांपैकी आर-४ या कॅसेटीवर टोकिओच्या न्यायालयाने २००९ मध्ये विक्रीबंदी घातली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तशा उपकरणांविरुद्ध निकाल दिला.

भारतात निंटेंडोचे यंत्र सामुराई या नावाने विकले गेले, तर सेगाचे मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आले. ऐंशी टक्के आयातकर टाळण्यासाठी ही व्यवस्था होती. तरीही त्याची किंमत १८,००० रुपये पडे. मध्यमवर्गीय घराला ते परवडणे अशक्यच होते. त्यामुळे बहुतेक मुलांच्या हाती पडली ती फॅमिकॉमची स्वस्त अनुकरणे. ‘९९९९ इन वन’ अशी जाहिरात मिरविणाऱ्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत; तेच नाव बदलून किंवा पुढल्या टप्प्यापासून सुरू करून यादी फुगविलेली असे. आत काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकलेली चिप, घटाचा पत्ता नाही. वीज गेली की कॉन्ट्रा पुन्हा पहिल्यापासून. भारनियमनाच्या काळात विदर्भातील घरांत याचे नवल कोणाला वाटले नसेल.

सध्याची फ्लॅश-कॅसेट ही नकलेच्या व्यवसायातून निघाली, परंतु तिचा मुख्य उपयोग आता बंद पडलेल्या यंत्रांपुरता उरला आहे. पॉवरपॅक आणि युक्रेनमध्ये तयार झालेली एव्हरड्राइव्ह ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. खेळांच्या फाइली स्मृतिपत्रावर राहतात. मॅपरचे काम एफपीजीए ही हवी तशी रचना धारण करणारी चिप करते. कोणत्या खेळाला कोणता मॅपर लागतो, हे फाइलीच्या आरंभीच्या १६ बाइटांत नोंदलेले असते. त्या क्रमांकांत अनधिकृत बहुखेळी कॅसेटींच्या मॅपरांनाही जागा मिळाली आहे, हे विशेष. स्वस्त नकली प्रतींत ३.३ व्होल्टच्या चिपा ५ व्होल्टच्या यंत्राला थेट जोडलेल्या आढळतात, त्या टाळाव्यात. शिवाय फ्लॅशमधील विद्युत्‌भार कालांतराने ओसरतो, तर १९८५ ची कोरीव स्मृती अद्यापि चालते.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ अन्वये संगणकीय आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने संरक्षक तांत्रिक उपाय मोडणे मात्र दंडनीय ठरविले. येथील बहुसंख्य कॅसेटी मुळातच अनधिकृत असल्याने त्यांच्या धारकांना ही सवलत लागू पडत नाही. दुसरीकडे, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. ते विकत घेण्याचा मार्गच खुला नाही. जुन्या यंत्रांसाठी आज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीत हा पेच उद्‌भवत नाही. त्यांचे कर्ते पुष्कळदा फाइलच प्रसिद्ध करतात आणि मूळ यंत्रावर ती चालविण्यासाठी फ्लॅश-कॅसेटच वापरली जाते.