वजन कोणी वाहायचे? : तिपाईचा इतिहास आणि पहिली खरेदी

‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्या घरांत ही म्हण ऐकू येई, त्याच घरांत चूल तीन दगडांची मांडली जाई आणि तिच्यावरचे भांडे डुगडुगत नसे. यामागची भूमिती सोपी आहे. चार पायांचे मेज उंचसखल जमिनीवर ठेवले, तर एखादा पाय अधांतरी राहतो. तीन बिंदूंतून मात्र नेहमी एकच प्रतल जाते. त्यामुळे तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर पाय रोवून उभी राहते. भूमापकांनी आपली यंत्रे याच तत्त्वावर उभी केली आणि पुढे छायाचित्रकारांनीही तेच स्वीकारले. कॅमेऱ्याखालच्या या साधनाला पुस्तकी मराठीत तिपाई म्हणतात, बाजारात ट्रायपॉड आणि फोटो स्टुडिओत नुसते ‘स्टँड’.

आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी गावोगावचे वीरगळ, शिलालेख आणि जुन्या देवळांची नोंद करीत हिंडतात. कॅमेरा कोणाच्या तरी घरचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर प्रश्न येतो : तीन-चार हजारांत पहिला ट्रायपॉड कोणता घ्यावा? याचे उत्तर एखादे नाममुद्रेचे नाव सांगून देता येते, परंतु ते दोन वर्षांत शिळे होते. इतिहासातून काढलेले उत्तर अधिक टिकते, असे आम्हांस वाटते. त्या इतिहासाचे सार असे की, स्थैर्याला वजन लागते आणि ते वजन कोणाला तरी वाहावे लागते. ते कोणी वाहिले, हे पाहत गेल्यास आपल्या खिशाला परवडणारा मार्गही सापडतो.

प्रारंभी तिपाई हा निवडीचा विषयच नव्हता. निसेफोर न्येप्स या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून जे दृश्य टिपले, त्यासाठी कित्येक तास प्रकाश द्यावा लागला होता. लुई दागेरने १८३८ साली पॅरिसच्या बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा तो अवधी काही मिनिटांवर आला होता. तो रस्ता वर्दळीचा होता, पण चित्रात तो निर्मनुष्य दिसतो. धावत्या गाड्या आणि चालती माणसे पत्र्यावर उमटण्याइतकी एका जागी थांबलीच नाहीत. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी पाय पुढे करून उभा राहिलेला एक गृहस्थ आणि त्याच्यापाशी बसलेला बूटपुसा. छायाचित्रात ओळखू येणारी ही बहुधा पहिली माणसे. थांबेल तोच चित्रात उरेल, असा त्या काळचा नियम होता. कॅमेऱ्याने तर थांबायलाच हवे होते.

छायाचित्रणाची ही विद्या आपल्याकडे लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक. १८५५ साली मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांस विजापूर आणि कर्नाटकातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ पासून तेथे असलेल्या रॉबर्ट गिल यांनीही पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांनी घेतलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांनी रंगवलेल्या बहुतेक नकला जळाल्या. नोंद एकाच रूपात असून भागत नाही, याचे याहून कठोर उदाहरण महाराष्ट्राच्या कलेतिहासात क्वचितच सापडेल.

या मंडळींच्या काळात, १८५१ पासून, ओल्या कलोडियनची पद्धत रुळत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि तो वाळण्याआधी काच धुऊन काढायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या, काळोख्या खोलीचे काम देणारा तंबू आणि लाकडी तिपाई, असा सारा संसार हिंडवावा लागे. सॅम्युअल बोर्न याने १८६३ साली हिमालयात पहिली मोठी सफर केली, तेव्हा सुमारे तीस हमाल त्याच्यासोबत होते. पुढच्या सफरींत हा आकडा वाढत गेला. हमाल ओझे टाकून पळून जातात, अशा तक्रारी त्याने आपल्या प्रवासवर्णनांत केल्या आहेत. बर्फाळ खिंडीत दुसऱ्याच्या काचा पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाची बाजू मात्र त्या वर्णनांत ऐकू येत नाही. बोर्नची चित्रे आजही डोळ्यांचे पारणे फेडतात. त्यांतल्या निश्चलतेचे वजन ज्यांच्या पाठीवर होते, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

लाला दीनदयाळ यांचे उदाहरण थोडे निराळे आहे. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेल्या दीनदयाळांचे शिक्षण रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले आणि नोकरी इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. छायाचित्रणाकडे ते १८७०च्या दशकात वळले. मध्य भारतातील वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पाहताना खांबांच्या उभ्या रेषा किती ताठ आहेत, हे जाणवते. असा कॅमेरा ओळंब्यात उभा करण्यासाठी घाई न करणारा हात लागतो आणि पायांखाली न हलणारे काहीतरी लागते.

त्यानंतर मात्र तिपाईची सक्ती संपत गेली. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दशकभरात सेकंदाच्या अंशात छायाचित्र घेणे शक्य झाले. १८८८ साली कोडॅकचा हातातला पेटीवजा कॅमेरा आला. १९२५ साली लायका बाजारात आल्यावर तर छायाचित्रकार रस्त्यावर मोकळा हिंडू लागला. हीच वेळ तिपाई अडगळीत जाण्याची होती. पण ती गेली नाही. १९३२ साली कॅलिफोर्नियात अँसेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी जो गट स्थापन केला, त्याचे नावच ‘एफ ६४’ होते. एफ ६४ म्हणजे भिंगाचे अतिशय बारीक छिद्र. छिद्र बारीक केले की जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव येतात. मात्र प्रकाश आत यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅमेरा स्थिर हवा. सक्तीची तिपाई आता निवडीची झाली. ज्याला वेळ घ्यायचा आहे, त्याने ती निवडायची.

तिपाईचे वजनही याच शतकात पाठीवरून खिशावर सरकले. फ्रान्समधील गित्झो ही संस्था १९१७ साली सुरू झाली आणि पुढे धातूच्या तिपायांसाठी नावाजली. इटलीतील बसानो देल ग्राप्पा या गावचे वृत्तछायाचित्रकार लिनो मानफ्रोत्तो यांना बाजारातले दिव्यांचे स्टँड अवजड वाटत, म्हणून ते स्वतःच स्टँड बनवू लागले. त्यांची पहिली तिपाई १९७४ साली आली. १९९४ साली गित्झोने कार्बन तंतूंची तिपाई आणली. तेवढ्याच ताठपणाची कार्बनची तिपाई अ‍ॅल्युमिनियमच्या तिपाईपेक्षा साधारण पाव ते एकतृतीयांश हलकी असते आणि तिची किंमत बहुधा दुप्पट-तिप्पट. बोर्नने जे हमालांच्या पाठीवर टाकले, तेच आज पैसे मोजून टाळता येते. ज्याच्यापाशी हमाल नाहीत आणि पैसेही नाहीत, त्याला तिसरी वाट उरते : वजन स्वतः वाहायचे.

येथून आपण खरेदीकडे वळू. आधी तिपाई खरोखर हवी का, हे ठरवले पाहिजे. हातात धरून छायाचित्र घेण्याचा जुना ठोकताळा असा की, ५० मिलिमीटरच्या भिंगाला निदान एक पन्नासांश सेकंदाचा वेग ठेवावा. देवळाच्या गाभाऱ्यात आयएसओ १०० आणि एफ ८ ठेवले, तर दोन सेकंद लागू शकतात, म्हणजे शंभरपट अधिक. आयएसओ ६४०० केला की तोच वेळ एक बत्तिसांश सेकंदावर येतो, पण चित्रात दाणे उमटतात आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा त्यांत हरवतात. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत कंप शोषणारी यंत्रणा असते आणि मोबाइलही रात्रीची छायाचित्रे चांगली घेतात. लग्नसमारंभ, मिरवणूक, मुलांचे खेळ एवढेच टिपायचे असेल, तर तिपाईचे पैसे खुशाल वाचवावेत. शिलालेख, मूर्ती, पोथीची पाने, रात्रीचे आकाश यांसाठी मात्र तिला पर्याय नाही. कॅमेरा तिपाईवर चढला की माणूस चौकट नीट पाहतो, हा लाभ वेगळाच.

इंग्रजीत एक उपदेश वारंवार वाचायला मिळतो. माणूस आधी स्वस्त तिपाई घेतो, मग मधली, शेवटी महाग; तेव्हा पहिल्या झटक्यात महागच घ्यावी. हा हिशेब चुकीचा नाही, पण ज्याच्या हाती ती रक्कम आहे त्याच्यासाठीच तो केलेला आहे. चार हजार रुपये जमवलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘घेऊच नये’ असा होतो. त्याने निराळा विचार करावा. तिपाईत ताठपणा, हलकेपणा आणि उंची हे तीन गुण आपण विकत घेतो. स्वस्त मालात तिन्ही देण्याचा आव आणलेला असतो, आणि बळी जातो तो ताठपणाचा, कारण तो दुकानात चटकन दिसत नाही. मर्यादित पैशांत ताठपणा राखून हलकेपणा सोडावा आणि थोडी उंचीही सोडावी.

हे प्रत्यक्षात कसे पाहावे? पायांना तीनच टप्पे असलेली तिपाई घ्यावी. टप्पे चार-पाच झाले की घडी लहान होते, पण शेवटची नळी काडीसारखी बारीक होते. मधला दांडा वर न काढता कॅमेरा छातीपर्यंत आला तरी पुरे. दांडा पूर्ण वर काढणे म्हणजे तीन पायांच्या तिपाईवर एका पायाची तिपाई ठेवणे होय. डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा हवाच असेल, तर साडेपाच फुटांच्या माणसाला पायांची उंची १३०-१३५ सेंटिमीटर पुरते. उरलेली उंची वरचे डोके आणि कॅमेरा भरून काढतात. कॅमेरा आणि सर्वांत जड भिंग यांच्या एकत्र वजनाच्या निदान दुप्पट भार सोसण्याची क्षमता सांगितलेली असावी. दुकानात पाय पूर्ण उघडून माथ्यावर तळहाताने दाबावे, मग माथा हलकेच पिळून पाहावा. दाबाला उभी राहणारी कित्येक स्टँड या पिळाला दाद देतात. कॅमेरा नेलाच असेल, तर पडद्यावर दृश्य मोठे करून एका पायाला टिचकी मारावी आणि थरथर किती वेळात थांबते ते पाहावे.

डोके सुटे होणारे असावे. हजार-दीड हजारांच्या स्टँडवर बहुधा प्लॅस्टिकचे डोके कायमचे जोडलेले असते. ते आवळल्यावरही हळूहळू मान टाकते आणि बदलता येत नाही. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची पट्टी अर्का-स्विस पद्धतीची असेल तर उत्तम, कारण ती हरवली तरी दुसरी मिळते. एकाच उत्पादकाची खास पट्टी हरवली की सारी तिपाई निकामी ठरते.

जुनी, वापरलेली तिपाई घेण्यास काहीच हरकत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी किंवा बंद होणाऱ्या स्टुडिओंकडे दणकट जुनी स्टँड निघतात. कुलपे घट्ट बसतात का, नळ्या वाकलेल्या नाहीत ना आणि पायांची रबरे शाबूत आहेत का, एवढे पाहावे. यात कालबाह्य होणारे इलेक्ट्रॉनिक काही नाही. कॅमेऱ्याच्या बुडाचा पेच पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा असतो. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली मांडलेल्या पेचांच्या मापपद्धतीशी या मापाचे नाते आहे. फिल्म गेली, डिजिटल आले, भिंगांच्या जोडण्या कितीदा बदलल्या. हा पेच मात्र तोच राहिला. आज घेतलेली तिपाई पुढच्या तीन कॅमेऱ्यांना चालेल, ती याच पेचामुळे.

वाऱ्यात तिपाई हलत असेल, तर मधल्या आकड्याला पिशवी अशी अडकवावी की ती जमिनीला जेमतेम टेकेल. लोंबती राहिली तर तीच झोके घेईल. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा, त्याला पैसे पडत नाहीत. केंद्रसंरक्षित स्मारकात तिपाई उभी करायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि गावच्या देवळात पुजाऱ्यास विचारावे.

तात्पर्य, चार हजार असतील तर अडीच किलोंची, तीन टप्प्यांची, सुट्या डोक्याची अ‍ॅल्युमिनियमची तिपाई, शक्यतो जुनी, घ्यावी. गड चढताना ती खांद्याला रुतेल हे खरे. पण अनेक गावांतले वीरगळ आजही उघड्यावर ऊनपाऊस सोसत झिजत आहेत. त्यांच्यावरील झिजलेली रेषा चित्रात वाचता येते की नाही, हे बऱ्याचदा त्या दोन सेकंदांवर ठरते.