व्यासपीठावरील व्यंगचित्र

इ. स. १८५१च्या उन्हाळ्यात विल्यम मेकपीस थॅकरे यांनी लंडनमधील विलिस रूम्समध्ये अठराव्या शतकातील इंग्रज विनोदकारांवर व्याख्यानमाला दिली. स्विफ्ट, अ‍ॅडिसन, स्टर्न, गोल्डस्मिथ ही नावे तीत येणार हे उघड होते. परंतु एका व्याख्यानात स्मॉलेट आणि फील्डिंग या दोघा कादंबरीकारांच्या पंगतीला त्यांनी विल्यम होगार्थ या चित्रकाराला बसविले, आणि त्याच्या चित्रमालिकांची चर्चा कथानक, पात्र, नीतिदृष्टी या वाङ्मयीन परिभाषेतच केली. थॅकरे स्वतः ‘पंच’ साप्ताहिकासाठी लिहीत आणि चित्रेही काढीत. त्यामुळे ही सरमिसळ त्यांना अस्वाभाविक वाटली नसावी. वाङ्मयाच्या इतिहासकारांना मात्र ती पुढे पेलली नाही. साहित्याच्या इतिहासात होगार्थ तळटीपेत गेला आणि नियतकालिकांतील व्यंगचित्रकार तर तिथेही पोहोचला नाही.

या वगळणुकीमागे केवळ उपेक्षा होती असे म्हणता येणार नाही. कवितेची ओळ समीक्षकाला आपल्या वाक्यात उतरवून घेता येते. चित्राचे तसे अवतरण देता येत नाही. त्याचे वर्णन करावे तर विनोद कोमेजतो. साप्ताहिकातील चित्राचे आयुष्यही आठवड्याचेच. अशा स्थितीत चित्र समोर टांगून किंवा पडद्यावर टाकून त्याविषयी बोलणे, म्हणजेच जाहीर व्याख्यान, हाच व्यंगचित्राच्या अवतरणाचा नैसर्गिक प्रकार ठरला. या कलेची समीक्षा ग्रंथांच्या आधी व्यासपीठावर घडली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

त्यातील सर्वांत महत्त्वाचे व्याख्यान माझ्या मते जॉन रस्किन यांचे. १८८३मध्ये ऑक्सफर्ड येथे स्लेड प्राध्यापक या नात्याने ‘इंग्लंडची कला’ या विषयावर बोलताना त्यांनी एक संपूर्ण व्याख्यान जॉन लीच आणि जॉन टेनियल या ‘पंच’च्या दोन चित्रकारांना दिले. त्याला शीर्षक दिले ‘द फायरसाइड’, म्हणजे घरातील शेकोटीभोवतीची जागा. शीर्षकातच सिद्धान्त आहे. ही कला राजवाड्याची वा देवळाची नव्हे; ती मध्यमवर्गीय दिवाणखान्यात, कुटुंबाच्या हातात पाहिली जाणारी कला आहे. तिची तपासणी त्या दिवाणखान्याच्या नीतीसकट व्हायला हवी. रस्किन यांनी दोन्ही चित्रकारांचा गौरव केला, आणि मग आरोप ठेवला: गरिबांचे सौंदर्य दाखविण्याचा प्रयत्न ‘पंच’ने एकदाही केला नाही, त्यांची अवनती मात्र सतत, बहुधा तुच्छतेने, आणि जणू ती अटळच आहे अशा रीतीने दाखविली.

हा आरोप कितपत ग्राह्य आहे? ‘कार्टून’ या शब्दाला आजचा अर्थ ज्या चित्रामुळे मिळाला ते चित्र लीचचेच. भित्तिचित्रांसाठी केलेल्या पूर्ण आकाराच्या आराखड्याला तोवर ‘कार्टून’ म्हणत. १८४३मध्ये नव्या पार्लमेंट इमारतीसाठी अशा आराखड्यांचे प्रदर्शन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भरले, तेव्हा ‘पंच’ने जुलैमध्ये आपले ‘कार्टून क्रमांक १’ छापले. त्यात भव्य तसबिरींपुढे फाटक्या वस्त्रांतील उपाशी माणसे उभी आहेत. म्हणजे या कलाप्रकाराच्या बारशालाच गरीब उपस्थित होता, आणि तोही उपहासाचा विषय म्हणून नव्हे. उपहास सरकारचा होता. तरीही रस्किन यांचे म्हणणे पूर्णतः खोडले जात नाही. या चित्रातील गरीब दयनीय आहे, सुंदर नाही. करुणा आणि सौंदर्य यांतील हे अंतर रस्किन यांनी नेमके हेरले होते. दलित साहित्याच्या संदर्भात सहानुभूतीच्या लेखनाविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली, तिच्या अभ्यासकाला हा मुद्दा परका वाटू नये.

रस्किन यांचा दुसरा आग्रह तंत्रविषयक होता. १८७२मध्ये खोदचित्रांवर बोलतानाच त्यांनी बजावले होते की लाकडी ठशात काळी रेषा उठून राहण्यासाठी तिच्या आजूबाजूचे लाकूड कोरून काढावे लागते. चित्रकाराने पेन्सिलीने सहज मारलेली आडव्या-उभ्या रेषांची जाळी खोदणाऱ्याला एकेक पांढरा ठिपका कोरून सोडवावी लागे. तेव्हा ‘टेनियलची रेषा’ म्हणून आपण जी पाहतो, ती बव्हंशी जोसेफ स्वेन यांच्या कारखान्यातील हातांची रेषा आहे. अनुवादाच्या अभ्यासकाने येथे थांबायला हरकत नाही.

हेच दुःख जॉर्ज द्यु मॉरिए यांच्या सहकाऱ्याच्या, चार्ल्स कीनच्या, वाट्याला विशेष आले. कीन आपली शाई स्वतः बनवी. तिच्या करड्या छटा ठशात उतरतच नसत. द्यु मॉरिए यांनी व्याख्यानासाठी लिहिलेला ‘सोशल पिक्टोरियल सटायर’ हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १८९८मध्ये, पुस्तकरूपाने आला. त्यात लीच, कीन आणि शेवटी स्वतः अशा क्रमाने ते बोलतात. रस्किन बाहेरून न्याय करीत होते. येथे कारागीर आपल्या बिरादरीविषयी बोलतो आहे. आणि हा कारागीर तोवर ‘ट्रिल्बी’सारख्या अफाट खपाच्या कादंबरीचा लेखकही झाला होता. चित्राखाली वर्षानुवर्षे संवाद लिहिण्याचा सराव कादंबरीकडे कसा वळतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. १८९५मध्ये त्यांनी एक चित्र काढले: बिशपच्या टेबलावर नासके अंडे वाढले गेलेला तरुण पाद्री, अंड्याचे काही भाग उत्तम असल्याची ग्वाही देतो आहे. त्या चित्रावरून ‘पाद्र्याचे अंडे’ हा इंग्रजीत वाक्प्रचार झाला. चित्र विस्मरणात गेले, मथळा भाषेत मुरला.

अमेरिकेत ‘हार्पर्स वीकली’चे थॉमस नॅस्ट १८७३मध्ये व्याख्यानदौऱ्यावर निघाले ते निराळ्या बळावर. ते बोलताबोलता श्रोत्यांसमोर चित्र काढीत. तेथे इतिहासापेक्षा करामत अधिक होती.

मराठीत स्थिती वेगळी आहे. ‘किर्लोस्कर’ मासिकात संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतःच ‘टाकांच्या फेकी’ काढीत. अर्थात चित्र हे संपादकीयाचेच अंग होते. शि. द. फडणीस यांनी मथळ्याचा आधारच काढून घेतला. ‘मोहिनी’च्या १९५२च्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर बसथांब्याशी एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. शब्द एकही नाही. द्यु मॉरिए यांच्या परंपरेचे हे दुसरे टोक होय: येथे भाषेत मुरण्यासारखे काही मागे उरतच नाही, चित्र दिसेनासे झाले की सारेच संपले.

आणि ते दिसेनासे होतेच. आपल्या ग्रंथालयांत मासिके बांधणीला जाताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची प्रथा सर्रास होती. एका जुन्या ग्रंथालयात मी अशा बांधीव खंडांची चळतच्या चळत चाळली; कथा, लेख, संपादकीय सारे जागेवर, रंगीत मुखपृष्ठ एकही नाही. ज्यांनी हे खंड बांधून घेतले त्यांच्या लेखी वाङ्मय पहिल्या पानापासून सुरू होत होते. या पार्श्वभूमीवर फडणीस यांनी ‘हसरी गॅलरी’ ही प्रदर्शने आणि ‘चित्रहास’ हा पारदर्शिकांसह बोलण्याचा कार्यक्रम गावोगाव नेला, याचे मोल निव्वळ रंजनाचे राहत नाही. बांधणीवाल्याच्या कात्रीने जे गेले ते अंधाऱ्या सभागृहात पुन्हा दिसत होते, आणि निर्मात्याच्या तोंडून त्याची घडण उलगडत होती.

वसंत सरवटे यांनी हेच काम लेखणीने केले. ‘परकी चलन’सारख्या पुस्तकातून त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठी वाचकापुढे ठेवले. त्यांची शैली समोर चित्र धरून शेजारच्याशी बोलावे अशी आहे: आधी पाहा, मग वाचा. तौलनिक साहित्याच्या वर्गात हा क्रम पाळायचा तर अभ्यासक्रमाच्या पुस्तकांबरोबर दिवाळी अंकांची न कापलेली मुखपृष्ठेही टेबलावर यावी लागतील. आणि ती आज ग्रंथालयांपेक्षा खाजगी संग्राहकांच्या कपाटांत व रद्दीच्या दुकानांत शोधलेली बरी.