जंक्शन बॉक्समधील दुसरी वाट

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ६१वा नियम अर्थिंगविषयी आहे. त्यातील एका उपनियमाला घरगुती वायरिंगच्या इतिहासात मी फार वरचे स्थान देईन. तारांना आच्छादणारी धातूची नळी जमिनीशी जोडलेली असावी, एवढ्यावर तो थांबत नाही. प्रत्येक जंक्शन बॉक्सपाशी ती अशी सांधावी, की संपूर्ण लांबीभर यांत्रिक आणि विद्युत अशी दोन्ही जोडणी पक्की राहील, असे तो बजावतो.

लोखंडी कॉन्ड्युटचे मूळ काम यांत्रिकच: तारांना खिळ्यापासून, घर्षणापासून जपणे. या उपनियमाने तिला दोषप्रवाहाची वाटही मानले. मात्र तारेचा सांधा सैल झाला तर दिवा मिणमिणतो; नळीचा सांधा निकामी झाला तरी घरात सारे सुरळीत दिसते.

समजा, फेजच्या तारेचे आवरण झिजून ती नळीला टेकली. दोषमार्गाचा एकूण रोध १ ओहम असेल, तर २३० व्होल्टला २३० अँपिअर वाहून फ्यूज तत्काळ वितळतो. आता एका बॉक्सपाशी रंग वा गंज यांमुळे आणखी १० ओहम रोध आला असे धरू. प्रवाह उरतो सुमारे २१ अँपिअर. १५ अँपिअरची फ्यूज तार तो बराच वेळ सोसू शकते. तोवर त्या एका सांध्यावर जवळपास ४,४०० वॅट उष्णता निर्माण होत राहते, म्हणजे दोन गिझरांहून अधिक. आणि सांध्यापलीकडच्या नळीवर २००हून अधिक व्होल्ट असतात. (मातीचा रोध येथे फारसा धरलेलाच नाही. कोरड्या जमिनीत चित्र आणखी बिघडते.) सांधा पूर्ण तुटला, तर फ्यूज शाबूत आणि नळी जिवंत.

त्याच उपनियमात २५० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यासाठी सवलती होत्या. अर्थचे टर्मिनल नसलेले छताचे पंखे आणि स्विच त्यातून वगळले होते. उलट, नव्या जोडण्यांत सॉकेट तीन पिनांचेच हवे आणि तिसरी पिन कायमची अर्थ केलेली हवी, अशी अटही होती. १९६६मध्ये अर्थिंगची स्वतंत्र भारतीय संहिता, आयएस ३०४३, आली. १९८७ आणि २०१८मध्ये ती सुधारली गेली. दरम्यान घरांच्या भिंतींत पीव्हीसीच्या नळ्या आल्या आणि अर्थचा सारा भार वेगळ्या हिरव्या तारेवर गेला. तरीही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांत जंक्शन बॉक्सचे ते कलम जवळपास शब्दशः कायम राहिले.

ते राहिले हे बरेच झाले. जुन्या इमारतीत गंजलेला लोखंडी बॉक्स काढून तेथे प्लास्टिकचा बसवला, की दिवे पूर्ववत लागतात; पण दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधील धातूची सलगता संपते. अशा ठिकाणी अर्थची तार बॉक्समधून पुढे न्यावी लागते आणि दोन्ही नळ्यांना क्लॅम्पने जोडावी लागते. बॉक्स लोखंडीच ठेवायचा असेल, तर नळी टेकते तेथील रंग खरवडून पत्र्याच्या दोन्ही अंगांनी नट आवळायचे, अर्थची तार बॉक्सच्या स्क्रूलाही बांधायची आणि पुरवठा बंद करून शेवटच्या बॉक्सपासून मुख्य अर्थपर्यंतचा रोध मोजायचा.