रस्ता कोणाचा, बाग कोणाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. आज त्यांच्या एका सवयीपासून प्रारंभ करतो. वर्षातून दोन-तीनदा ते आमचा वर्ग पायी कामाटी बागेत नेत. वाटेत कुठे थांबायचे, काय पाहायचे, हे त्यांनी आधीच ठरवलेले असे. बागेत पोचल्यावर सतरंजी पसरली जाई, सर्वांचे डबे एकत्र उघडले जात आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न येई : "ही बाग कोणाची?" कोणी म्हणे महाराजांची, कोणी म्हणे सरकारची. गुरुजी हसून म्हणत, "तुझी आहे. म्हणून फूल तोडू नकोस."

त्या वयात या उत्तरात आम्हाला फुले न तोडण्याची ताकीद तेवढी ऐकू आली. पुढे इतिहासाचा अभ्यास करताना ध्यानात आले, की रस्ता आणि बाग सर्वांची आहे हे वाक्य आपल्या समाजात फार अलीकडचे आहे, आणि ते खरे ठरावे म्हणून काही माणसांना जबर किंमत मोजावी लागली आहे. आजचा माझा विषय तोच आहे.

पूर्वीचा प्रवास आठवून पाहावा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांनी मथुरेस योजलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. चुलत्यांबरोबर ते पायी निघाले. वाटेत बंडाची बातमी कळली, पुढे झांशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, अनेकदा लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन, बहुतेक रिकाम्या हाताने ते घरी परतले. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास' या ग्रंथामुळे ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. तो वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. रस्त्यावर भय पुष्कळ होते. परंतु गावात शिरल्यावर देवळात उतरण्याची, कोणाच्या ओसरीवर पथारी टाकण्याची, विहिरीवर स्नानसंध्या करण्याची गोडसे भटजींना सहसा चिंता पडत नसे. त्यांची जात त्यांच्या आधी गावात पोचत असे आणि दार उघडून ठेवत असे. दार उघडणारी हीच व्यवस्था दुसऱ्या कोणासाठी तेच दार लावूनही घेत असे, हे मात्र त्या ग्रंथावरून सहज लक्षात येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासाचे रूप पालटले. आपल्या बडोदे संस्थानातच १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाव हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला. देशातील त्या प्रकारचा तो पहिलाच मार्ग, आणि त्यावरची गाडी प्रारंभी बैल ओढत असत. रूळ नवे आणि बैल जुने, असे ते दृश्य होते. त्या काळाच्या समाजाचे इतके नेमके चित्र मला दुसरे सुचत नाही. रस्ते झाले, पूल झाले, स्टेशने उभी राहिली. तिकिटावर प्रवाशाची जात लिहिलेली नसे. स्टेशनाबाहेर पडून दमणी किंवा टांगा ठरवायचा म्हटला, की जुने बैल पुन्हा जुंपले जात.

बागांचेही असेच घडले. बागा आपल्याकडे पूर्वीपासून होत्या. पण त्या वाड्यांच्या आणि राजवाड्यांच्या आवारात, धन्याच्या मर्जीच्या. कोणीही यावे, तिकीट नाही, निमंत्रण नाही, काही काम असण्याचीही गरज नाही, अशी बाग ही नवी कल्पना होती. बडोद्यात ती १८७९ साली कामाटी बागेच्या रूपाने प्रत्यक्षात आली. त्या वेळी सयाजीराव महाराजांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. राज्यकारभाराची सूत्रे दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे होती आणि महाराजांना पूर्ण अधिकार १८८१ च्या डिसेंबरात मिळाले. परंतु बागेला पुढे जो अर्थ आला, तो महाराजांमुळेच. विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या शंभराहून अधिक एकरांत १८९४ साली संग्रहालयाची इमारत उभी राहिली. शेजारचे चित्रालय १९२१ साली लोकांसाठी उघडले. ज्याने पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकले नाही, अशा शेतकऱ्याला तेथे इजिप्तमधील ममी पाहता येऊ लागली. पुढे देवमाशाचा सांगाडाही तेथे आला. बाजाराला आलेली खेड्यातली माणसे आधी बाग पाहत, मग बाजार करीत.

हे सारे एका मोठ्या धोरणाचे अंग होते. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू करण्यात आला. १९१० नंतर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. शाळा, ग्रंथालय, संग्रहालय, बाग या सर्वांमागे एकच विचार होता : जे चांगले आहे ते सर्वांच्या दृष्टीस पडावे. 'सार्वजनिक' हा शब्द बडोद्यात सरकारी कागदातून रस्त्यावर उतरला, तो असा.

परंतु शब्द रस्त्यावर उतरला म्हणून घरात शिरतोच असे नाही. हे कळण्यासाठी याच बागेतील एका दुपारकडे वळले पाहिजे.

त्याआधी एक लहान प्रवास. साल १९०१. साताऱ्यास राहणारी काही मुले सुट्टीत वडिलांना भेटण्यास निघाली होती. त्यांतील एकाचे वय नऊ वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आयुष्यातील पहिला आगगाडीचा प्रवास! मसूर स्टेशनावर मुले उतरली. वडिलांचा माणूस मात्र आला नव्हता, कारण पत्र पोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि मुलांनी आपली जात खरी सांगितली. त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. रात्री जकातीच्या नाक्यावर मुलांनी पाणी मागितले, ते मिळाले नाही. जवळ शिदोरी होती, पाण्यावाचून ती तशीच राहिली. मुले उपाशी झोपली. त्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर.

हाच मुलगा पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. झाला आणि १९१३ साली त्यांच्याच साहाय्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. स्टेशनावर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की उतरायचे कोठे? अमेरिकेतील वास्तव्यात जो प्रश्न विसरायला झाला होता, तोच फलाटावर वाट पाहत होता. हिंदूंच्या खाणावळीत थारा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी सराईत, नाव बदलून, त्यांनी जागा मिळवली. वरच्या मजल्यावर अडगळ होती, सोबतीला कोणी नव्हते, रात्री उजेडही पुरेसा नसे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे जिन्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. शहरात त्यांचे दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघेही भले, पण एकाला घरातील नोकर निघून जाण्याची भीती आणि दुसऱ्याला पत्नीच्या संमतीची अडचण. मुंबईची गाडी रात्री होती. मधले चार-पाच तास कोठे घालवायचे? ते कामाटी बागेत जाऊन बसले. त्या वेळी मन कधी रिते होई, कधी झाल्या प्रकाराने भरून येई, आणि निराधार मुलाप्रमाणे आईवडिलांची आठवण होई, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करू. संस्थानात राजा उदार होता, शिष्यवृत्ती त्यानेच दिली होती, नोकरीही त्याचीच होती. कायदा आडवा आला नाही. आडवी आली ती घरे. आपल्या शहरातील मराठी वस्ती तेव्हा रावपुऱ्यात, डांडिया बाजारात नांदत होती. कोलंबियात शिकून आलेला, मराठी बोलणारा एक तरुण अकरा दिवस याच शहरात होता आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यांपैकी एकाचेही दार त्याच्यासाठी उघडले नाही. इतरांना दोष देण्याआधी हे आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे. बागेने त्यांना जात विचारली नाही. सार्वजनिक बागेचा हा मोठेपणा खरा. पण बागेत रात्र काढता येत नाही, हेही तितकेच खरे. जेथे कोणी कोणाला ओळखत नाही तेथे समता लवकर येते. ओळख झाल्यावरही ती टिकते का, ही तिची परीक्षा.

शहरापुरताच हा प्रकार होता असे नाही. १९२९ साली चाळीसगावी आंबेडकर सरकारी समितीच्या कामावरून परतत असता तेथील अस्पृश्य वस्तीने त्यांना आग्रहाने थांबवून घेतले. टांगेवाले त्यांना नेण्यास तयार नव्हते. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला वस्तीतलाच एक अननुभवी माणूस बसला. पुलावर टांगा आदळला आणि आंबेडकर फरशीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. तोपर्यंत ते बॅरिस्टर झाले होते.

या हकीकती त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात नोंदवल्या आहेत. ते पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. माझ्या हाती ते आले तेव्हा मला प्रथम गुरुजींची सतरंजी आठवली. आम्ही ज्या झाडांखाली डबे उघडत होतो, त्याच बागेत ही दुपार घडली होती आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता. गुरुजींनी तिचा कधी उल्लेख केला नाही. त्यांना ती ठाऊक होती की नाही, हे विचारण्यास मला उशीर झाला. मात्र सर्वांचे डबे ते एकत्रच उघडत आणि कोणाची भाकरी कोणाच्या हातात गेली, याची चौकशी होऊ देत नसत. ही गोष्ट तेव्हा आम्हाला सहलीची मौज वाटली होती. तिचा अर्थ मला फार पुढे कळला.

रस्त्याचा आणि पाण्याचा हक्क पुढे कसा मिळत गेला, हे थोडक्यात सांगतो. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सरकारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या करण्याचे तत्त्व मान्य झाले. ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याकडे चालत जावे लागले. १९२४-२५ मध्ये त्रावणकोरात वायकोम येथे तर देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यांवरून चालता यावे, यासाठी सत्याग्रह झाला. आणि २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्ते आणि सार्वजनिक वापराची ठिकाणे यांचाही स्पष्ट उल्लेख झाला. घटनेसारख्या गंभीर ग्रंथात रस्त्याचे नाव का यावे, असे एखाद्या परक्या वाचकाला वाटेल. मसूरच्या गाडीत बसलेल्या मुलाची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्याला तसे वाटणार नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी तोच मुलगा होता.

आज बडोद्यातील ती जागा 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला दूरदूरची माणसे तेथे येतात. कामाटी बाग आता अधिकृतपणे सयाजी बाग आहे. रविवारी तेथे फिरायला जाणाऱ्या कुटुंबाला कोणी जात विचारत नाही, ही सामान्य वाटणारी गोष्ट पुष्कळांच्या कष्टाने सामान्य झाली आहे. परंतु त्याच कुटुंबाने भाड्याने घर शोधायला निघावे; आडनाव विचारल्यावर घरमालकाचा आवाज कसा बदलतो, ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. बागेचे फाटक उघडले, घराचे अजून पुरते उघडलेले नाही.

या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून मी थांबतो. आपल्यापैकी पुष्कळांची आता स्वतःची घरे आहेत, काहींची भाड्याने देण्याजोगी दुसरी घरेही आहेत. पुढच्या वेळी कोणी दारात येऊन जागा मागेल, तेव्हा आडनाव ऐकण्याआधी विश्वामित्रीकाठच्या त्या दुपारची आठवण ठेवावी. आणि शाळेने गुरुजींची ती पायी सहल पुन्हा सुरू करावी. मुलांना संग्रहालय दाखवावे, झाडांची नावे सांगावीत, डबे एकत्र उघडू द्यावेत. आणि या बागेत एकेकाळी कोण, का येऊन बसले होते, हेही सांगावे. आमच्या वेळी तेवढे सांगायचे राहून गेले होते.