चिनी वनौषधी चिकित्सा

चिनी वनौषधी चिकित्सा : चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांच्या लिखित परंपरेने चालत आलेली औषधोपचार पद्धती. भारतात चिनी वैद्यक म्हटले की आधी अॅक्युपंक्चरच्या सुया आठवतात. चीनमध्ये मात्र वैद्याचा मुख्य आधार काढा हाच राहिला आहे. नावात वनौषधी असली तरी जिप्सम, गंधक यांसारखी खनिजे आणि शिंपले, शिंगे, कीटक यांसारखी प्राणिज द्रव्येही या औषधसंभारात येतात. या पद्धतीत सुटी वनस्पती क्वचितच औषध म्हणून दिली जाते. अनेक द्रव्यांचा ठरावीक प्रमाणात जुळवलेला पाठ हेच खरे औषध, आणि प्रत्येक द्रव्याचा गुण त्या पाठातील त्याच्या जागेवरून ठरतो. या पद्धतीविषयीचे बरेच गैरसमज, तिच्या बाजूचे आणि विरोधातलेही, हे ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

ग्रंथपरंपरा : हान राजवटीत सिद्ध झालेल्या ‘हुआंगदी नेइचिंग’ या ग्रंथात यिन-यांग (परस्परपूरक शक्तींची जोडी), पंचतत्त्वे आणि शरीरात वाहणारी ‘ची’ ही प्राणशक्ती यांची सैद्धांतिक मांडणी आहे, औषधांविषयी त्यात फार थोडे सापडते. औषधांचा पहिला मोठा संग्रह ‘शन्नोंग बन्त्साओ चिंग’. मूळ ग्रंथ लुप्त झाला असून नंतरच्या ग्रंथांतील उताऱ्यांवरून तो पुन्हा जुळवण्यात आला. त्यात ३६५ द्रव्यांची तीन श्रेणींत वाटणी आहे : दीर्घकाळ घेता येणारी, आयुष्य वाढवणारी १२० उत्तम द्रव्ये, जपून वापरायची १२० मध्यम, आणि रोग हटवण्यापुरतीच द्यायची, बहुतांशी विषारी अशी १२५ कनिष्ठ द्रव्ये. उत्तम श्रेणीत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे खनिज, मानाने बसले आहे. प्राचीनांनी निर्विष म्हटले म्हणून द्रव्य निर्विष ठरत नाही, हे यावरून दिसते. पुढे मिंग काळातील ली शिचन (१५१८–१५९३) यांनी पाऱ्याने अमरत्व मिळते या समजुतीवर स्पष्ट टीका केली. त्यांचा ‘बन्त्साओ कांगमू’ हा ५२ खंडांचा ग्रंथ १५७८ मध्ये पुरा झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १५९६ मध्ये नानकिंग येथे छापून निघाला. त्यात १,८९२ द्रव्ये आणि अकरा हजारांहून अधिक पाठ आहेत. २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत ‘हुआंगदी नेइचिंग’बरोबर त्याचाही समावेश झाला.

द्रव्यांचे गुण : प्रत्येक द्रव्याची प्रकृती शीत, थंडावा देणारी, उबदार किंवा उष्ण अशी चार प्रकारांत सांगतात, या चारांत न बसणारे ते सम. चवी पाच : आंबट, कडू, गोड, तिखट, खारट. तुरट चव आंबटात आणि फिकी चव गोडात जमा करतात. चवीवरून काम ठरते. तिखट द्रव्य घाम आणून दोष बाहेर काढते, गोड पुष्टी देते, कडू उष्णता उतरवते व शोष करते, आंबट आवळून धरते, खारट घट्ट झालेले मऊ करते. रस आणि वीर्य या आयुर्वेदातील कल्पना जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण विपाकाला, म्हणजे पचनानंतर उरणाऱ्या रसाला, येथे समांतर कल्पना नाही. त्याऐवजी द्रव्याची दिशा (वर चढणारे, खाली उतरणारे, पृष्ठभागाकडे जाणारे, आत बुडणारे) आणि ते कोणत्या मार्गातून कोणत्या अवयवाकडे जाते, हे सांगतात. मार्गप्रवेशाच्या या विचाराला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय चिन काळातील वैद्य चांग युआनसू यांना जाते. येथे ‘फुप्फुस’ वा ‘यकृत’ म्हणजे शरीररचनाशास्त्रातील अवयव नव्हे. तो कार्यांचा समूह आहे. हे मार्ग शवविच्छेदनात सापडलेले नाहीत.

निदान : पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे, स्पर्श करणे या चार परीक्षा. त्यांत जिभेचा रंग व तिच्यावरील थर आणि दोन्ही मनगटांवरील नाडी यांना विशेष वजन आहे. त्यांवरून विकार बाहेरचा की आतला, थंड की उष्ण, क्षीणतेचा की अतिरेकाचा आणि एकंदर यिन की यांग, हे ठरते. औषध रोगाच्या नावाला नव्हे, तर या लक्षणचित्राला दिले जाते. त्यामुळे एकाच रोगाच्या दोन रुग्णांना वेगळे काढे मिळू शकतात आणि दोन वेगळ्या रोगांना एकच. उपचाराच्या आठ रीती मानतात : घाम आणणे, वांती करवणे, रेच देणे, समेट घडवणे, ऊब देणे, उष्णता निववणे, साठलेले विरघळवणे आणि पुष्टी देणे.

पाठाची रचना : हे सर्व प्रत्यक्षात कसे चालते हे चांग चुंगचिंग यांच्या पाठांतून उत्तम कळते. हान राजवटीच्या अखेरच्या काळातील या वैद्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे, की आपल्या दोनशेंहून अधिक माणसांच्या कुळातील दोनतृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत गेली आणि त्यांतली बहुतेक थंडीजन्य तापाने. त्या तापावरचा त्यांचा ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ आजही पाठ्यक्रमात आहे.

थंडी वाजते, अंग ठणकते, दम लागतो, घाम अजिबात नाही आणि नाडी वरवर पण ताणलेली. अशा रुग्णाला माहुआंगचा काढा. त्यात माहुआंग (एफेड्रा) ३ लियांग (जुने चिनी वजन), दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या २ लियांग, भाजलेला ज्येष्ठमध १ लियांग आणि जर्दाळूच्या ७० बिया. या चौघांना दरबारातील हुद्दे दिलेले आहेत. माहुआंग राजा : मुख्य विकारावर चाल तोच करतो. दालचिनी अमात्य, ती घाम आणण्यात राजाला बळ देते. जर्दाळूची बी सहायक. राजा वर आणि बाहेर नेतो, ती श्वास खाली उतरवते. ज्येष्ठमध दूत, सर्वांचा मेळ घालतो आणि त्यांची उग्रता आवरतो. माहुआंग आधी एकटा उकळून वरचा फेस काढून टाकायचा, मग बाकीची द्रव्ये घालायची, असेही ग्रंथ बजावतो.

त्याच तापात रुग्णाला घाम येत असेल आणि नाडी सैल असेल तर माहुआंग वर्ज्य. मग दालचिनी, पिओनीचे मूळ आणि आले प्रत्येकी ३ लियांग, ज्येष्ठमध २ लियांग, बोरे १२ असा दुसरा काढा येतो. तो घेतल्यावर गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचे आणि अंगभर हलकासा घाम येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागता कामा नयेत. आता याच पाठात पिओनी दुप्पट, म्हणजे ६ लियांग केली, बाकी काहीही न बदलता, तर तो पोटदुखीचा काढा होतो. त्यात माल्टची काकवी मिसळली की अशक्त, पोटात कळा येणाऱ्या रुग्णासाठीचा आणखी एक पाठ तयार होतो. द्रव्ये जवळपास तीच, काम निराळे. दालचिनी ‘कशावर चालते’ या प्रश्नाला चिनी वैद्य सरळ उत्तर का देत नाही, हे येथे समजते.

द्रव्यांचे परस्परसंबंध सात प्रकारचे मानले आहेत. काही एकमेकांना बळ देतात, काही दुसऱ्याचे विष मारतात (आले पिनेलियाच्या कंदाचे), काही दुसऱ्याचा गुण नाहीसा करतात. मुळ्याचे बी जिनसेंगला असे निष्प्रभ करते असे मानतात. म्हणून जिनसेंग घेताना मुळा टाळण्याची चाल आहे. काही जोड्या पूर्ण निषिद्ध : ‘अठरा विरोध’ आणि ‘एकोणीस भये’ या नावांच्या पद्यबद्ध याद्या विद्यार्थी तोंडपाठ करतात. दुसऱ्या यादीत लवंग आणि हळदीच्या मुळांना येणाऱ्या गाठी एकत्र देऊ नयेत असे आहे. एकाच मसाल्यात लवंग आणि हळद टाकणाऱ्यांनी घाबरू नये. निषेध त्या गाठींचा आहे, हळकुंडाचा नव्हे. या याद्यांतील सगळे निषेध प्रयोगांच्या कसोटीला उतरलेले नाहीत, आणि जुन्या वैद्यांनीही काही जोड्या जाणूनबुजून वापरल्या आहेत.

संस्कार : कच्चे द्रव्य क्वचितच तसेच वापरतात. ते मधात परततात, मद्यात भिजवतात, व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यात मुरवतात, वाफवतात, जाळून कोळसा करतात. संस्काराने प्रकृतीच पालटते : रेमानियाचे मूळ कच्चे असताना शीत आणि वारंवार वाफवून काळे झाल्यावर उबदार मानले जाते. रेवाचिनीचा रेचक जोर मद्यसंस्काराने कमी होतो. वचनागाच्या जातीच्या कंदाबाबत तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. सिच्वान प्रांतातील च्यांगयो येथे पिकणाऱ्या या कंदातील अॅकोनिटीन दीर्घकाळ उकळल्यावर विघटित होऊन पुष्कळ सौम्य होते. घाईने केलेला काढा प्राणघातक ठरू शकतो. काढ्याचे इतर नियमही असेच व्यवहारी : शिंपले व खनिजे आधी, पुदिना शेवटी, बारीक बिया कापडात बांधून, भांडे मातीचे. उत्पत्तिस्थानालाही मान आहे. रेमानिया हनानचे, डांगग्वेइची मुळी कान्सूची, लाल गोजी निंगशियाची.

भारतीय संबंध : सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेला चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग नोंदवतो, की दोन्ही देशांतील औषधी वनस्पती वेगळ्या आहेत, भारताकडील म्हणून तो हिरडा, केशर व हिंग यांची नावे देतो. हिरडा पुढे चिनी औषधसंग्रहात कायमचा रुजला.

आधुनिक कसोटी : १९२९ मध्ये जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव चीनमध्ये पुढे आला आणि वैद्यांच्या विरोधाने बारगळला. १९५६ मध्ये पेकिंग, शांघाय, क्वांगचौ आणि छंगदू येथे सरकारी महाविद्यालये निघाली. सर्वांत गाजलेले यश मात्र परंपरेच्या चौकटीबाहेरचे आहे. चिनी संशोधक तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचली, उकळल्याने गुण जात असावा असे ताडले आणि ईथरने कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून १९७२ मध्ये हिवतापावरील आर्टेमिसिनिन वेगळे झाले; २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यासाठी मिळाले. येथे पाठ नाही, यिन-यांग नाही. एका वनस्पतीतील एक रेणू आहे. तेव्हा या शोधाने संपूर्ण पद्धती सिद्ध झाली असे म्हणणे ताणलेले आहे, आणि ग्रंथाचा वाटा नाकारणेही तितकेच खोटे.

उलट बाजूही आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नावसाधर्म्यामुळे विषारी अॅरिस्टोलोकियाची जाती गेली. शंभरांहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि अनेकांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अॅरिस्टोलोकिया वर्गातील काही द्रव्ये मात्र चीनमध्येही शतकानुशतके वापरात होती, आणि अनेक वर्षांनंतर उद्भवणारी इजा नाडी-जीभ पाहणाऱ्या परंपरेच्या नजरेस आली नाही. माहुआंगची गोष्ट वेगळी. त्यातील एफेड्रीन १८८५ मध्ये जपानी संशोधक नागाई यांनी वेगळे केले. घाम आणण्यासाठी एकदोन दिवस द्यायचे हे द्रव्य अमेरिकेत बारीक होण्यासाठी महिनोन्महिने खाल्ले गेले, आणि २००४ मध्ये पूरक आहारात त्यावर बंदी आली.

आजचे बरेच रुग्ण काढा उकळत बसत नाहीत. तयार दाणे गरम पाण्यात विरघळवून घेतात. जपानमध्ये कांपो नावाने रुजलेल्या याच परंपरेचे १४८ पाठ आरोग्य विम्यात बसतात आणि तेथे पूर्ण पाठ एकत्र उकळून त्याचे दाणे करतात. चीनमध्ये बहुधा प्रत्येक द्रव्याचे दाणे स्वतंत्र बनवून औषधाच्या दुकानात चिठ्ठीप्रमाणे मिसळले जातात. द्रव्ये एका भांड्यात एकत्र उकळल्याने जे घडते ते कोरड्या मिश्रणात उतरते का, यावर तेथील वैद्य आणि औषधनिर्माते यांच्यात मतभेद आहेत.