खळ्यावरचा वाटा आणि कारागिराचे दुकान



शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हे गाव लागते. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा टापू. पाऊस बेताचा, म्हणून पूर्वीपासून बाजरी-ज्वारीचा मुलूख. कालव्याचे पाणी आणि ऊस ही अलीकडची गोष्ट. अशा मुलखात, चार-दोनशे घरांच्या गावात, हातच्या कसबावर पोट भरणाऱ्या माणसाने आपले छोटेसे दुकान कसे चालवले, हा आपला आजचा विषय आहे.

दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तागडी, गल्ला आणि दारावरची पाटी येते. पण आपल्या खेड्यातल्या कुंभाराच्या, सुताराच्या, लोहाराच्या दुकानाला शेकडो वर्षे गल्लाच नव्हता. गिऱ्हाईक ठरलेले, काम ठरलेले आणि मोबदला मिळायचा तो सुगीत, खळ्यावर. हे बिनगल्ल्याचे दुकान टिकले कसे आणि पुढे मोडले का, ते आज पाहू.

गोष्ट फार मागून सुरू करावी लागेल. शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. मातीखालून निघाले ते कुणा राजाची राजधानी नव्हे, तर शेतकऱ्यांचे एक गाव. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, ते नांदते होते. शंभराहून जास्त घरांच्या खुणा तिथे सापडल्या.

आता यात आपल्या कामाचे काय? या गावाच्या मधल्या भागात खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे होती आणि कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा, असे निरनिराळे कसबी लोक तिथे राहत. कुंभाराची गोल भट्टीही सापडली. त्या भट्टीतली भांडी तांबड्या रंगाची, पातळ, खणखणीत वाजणारी, वर काळ्या रंगाची नक्षी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी अशी भांडी आधी ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. एका मडक्यावर तर बैलगाडीचे चित्र रेखाटलेले आहे. पाणी भरायला गाडीच्या चित्राची काय गरज होती? पण त्या माणसाच्या हाताला ते काढावेसे वाटले, आणि ते मडके कुणीतरी घरात वापरले.

याच गावात पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार निघाले. गावच्या मुख्याचे ते घर असावे आणि कोठारात गावाकडून आलेले धान्य साठवत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या धान्यातून कारागिरांचे पोट भरत असेल का? ठाम सांगता येणार नाही. पण एवढे दिसते की गावाच्या कडेला बसून मडकी घडवणारा माणूस स्वतःपुरतीच मडकी घडवत नव्हता. गाव त्याच्या मडक्यांवर, तो गावाच्या धान्यावर, अशी सांगड त्या काळीही असणार.

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले असे मानतात. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. त्याच काळात भांडीही जाडीभरडी झाली. शेत पिकले तर चाक फिरते, आणि शेत करपले की कुंभाराच्या हातातली कळाही उतरते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या तीन हजार वर्षांत ती पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

आता एकदम ऐतिहासिक काळात येऊ, कारण बलुत्याची पद्धत आपल्याला कागदोपत्री दिसते ती तेव्हापासून. बारा बलुतेदार हा शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव इत्यादी. गावोगाव ही यादी थोडी बदले. १८२० साली डॉ. टॉमस कोट्स या इंग्रजाने पुण्याजवळच्या लोणी गावाची हकिकत लिहिली, ती १८२३ मध्ये छापली गेली. तिच्यात शेतकऱ्यांच्या जोडीने या बलुतेदारांचीही नोंद आहे. आणि या सगळ्या व्यवस्थेचा बारीकसारीक तपशील वाचायचा तर त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ हे पुस्तक आहे. शिक्षक मंडळींनी ते शाळेच्या कपाटात जरूर ठेवावे.

या दुकानाचा हिशेब असा. शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर मोडली की सुताराने दुरुस्त करायची. लाकूड शेतकऱ्याचे, हात सुताराचा. प्रत्येक वेळी पैसे मोजायचे नाहीत. सुगी झाली, खळे झाले, की सुताराने खळ्यावर यायचे आणि आपला वाटा, म्हणजे बलुते, घेऊन जायचे. नवी गाडी करायची असेल तर मात्र मजुरी निराळी ठरायची. कुंभाराचेही तसेच. नेहमीची मडकी बलुत्यात, आणि लग्नकार्यातल्या कामाला शिधा आणि खण-नारळ वेगळा.

कुंभाराचे वर्ष पाहिले की या दुकानाची खरी मांडणी ध्यानात येते. संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात पाण्याचे माठ, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या. लग्नात रंगवलेल्या मडक्यांच्या उतरंडी, आणि माणूस गेला की त्याच्यापुढे धरायचे मडकेही त्याच्याच घरचे. गावात पाळणा हलो की तिरडी उठो, चाकावरून काहीतरी उतरवावेच लागे. त्याला जाहिरात कशाला हवी? गावाचे पंचांग हीच त्याची मागणीची वही.

आणि मान? तोही होता, बरं का. जुन्या महजरांचे कागद पाहावेत. गावात वतनाचा, हद्दीचा तंटा झाला की गोतसभा बसे. निवाड्याच्या कागदावर सगळ्यांची साक्ष पडे. लिहिता येत नसे, म्हणून प्रत्येकाच्या नावापाशी त्याच्या धंद्याची निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे. विचार करा, माणसाची सही म्हणजे त्याचे हत्यार! गावच्या न्यायात कारागिराचा शब्द धरला जाई आणि तो त्याच्या कसबाच्या नावाने धरला जाई.

अशा दुकानात भांडून चालत नाही. ज्याची पाभर आज नीट केली नाही, तो सकाळी पाणवठ्यावर भेटणार, संध्याकाळी देवळात भेटणार. मृगाच्या तोंडावर सगळ्यांनाच औत हवे असते. कुणाचे आधी करावे? जो आधी आला त्याचे, की ज्याचा वाटा मोठा त्याचे? सुतार अडला तर शेतकरी खळ्यावर हात आखडता घेई आणि शेतकरी अडला तर सुतार काम रेंगाळत ठेवी. दोघांच्याही हातात लगाम होता. म्हणून दोघेही फार ताणत नसत.

पण मंडळी, या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती फसवणूक होईल. दोघांच्या हातात लगाम होता असे म्हटले, ते सुतार-लोहारापुरते. सगळ्या बलुतेदारांना ते लागू नव्हते. बलुते हे जातीला बांधलेले होते. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हायचे, मग त्याचा हात लोखंडावर कितीही चालो. आत्र्यांनी स्वतः या व्यवस्थेवर कडक टीका केली आहे. वाटा वंशपरंपरेने ठरलेला असला की काम सुधारण्याची निकड राहत नाही आणि शेवटी भार पडतो तो कुणब्यावर, असे त्यांचे म्हणणे.

याहून कठीण गोष्ट महार-मांगांची. त्यांच्या वाट्याला कसब येण्याऐवजी रात्रंदिवसाची वेठ आली, आणि खळ्यावरचा वाटाही मानाने न मिळता हात पसरून घ्यावा लागला. गोतसभेच्या कागदावर निशाणी होती, पण पाणवठा वेगळाच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले ते याचसाठी. काम करणाऱ्याला ठरलेला पगार मिळावा आणि वतनाच्या तुकड्यासाठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला राहू नये, हा त्याचा गाभा. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. गावचा आधार आणि गावची बेडी एकाच दोराने वळलेली होती. ती बेडी तुटली हे चांगलेच झाले.

कायद्याने वतने गेली, पण कारागिराचे दुकान त्याच्या आधीपासूनच डळमळू लागले होते. आपल्या भागात आगगाडी लवकर आली. पुण्याहून दौंडवरून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली. गाडीबरोबर गिरणीचे कापड आले, पत्र्याची भांडी आली, रॉकेलचे डबे आले. गाडीने माल आला तसा गावचा दाणाही बाहेर जाऊ लागला. दाण्याला रोख भाव मिळू लागला, तेव्हा खळ्यावरचा वाटा शेतकऱ्याला जड वाटू लागला. त्याच सुमारास १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. खळेच झाले नाही, तर बलुते कुठले? इनामगावच्या कुंभारावर आलेली पाळी इथल्या कुंभारावर पुन्हा आली.

सुताराच्या कामावर घाव घातला तो लोखंडी नांगराने. त्याचीही गोष्ट एका लहान दुकानाचीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे बेळगावला सायकलींचे दुकान होते. तिथून ते यंत्रांकडे वळले, आणि १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेईनात. पण हळूहळू त्यांची खात्री पटली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका दुकानाच्या कल्पकतेने गावोगावच्या सुतारांचे काम कमी झाले, आणि शेतकऱ्याची नांगरट खोल झाली. यात कुणाला दोष द्यायचा? काळ पुढे सरकला, इतकेच.

मग गावातले कसबाचे दुकान संपलेच का? आपल्याच तालुक्यातले एक उदाहरण सांगतो. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून पाबळला आले आणि त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, परीक्षेत मागे पडलेली मुले त्यांनी जमवली. त्यांना लोखंडकाम, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, घर आणि आरोग्य अशी कामे हातांनी शिकवली. आणि ही कामे खोटी-खोटी नव्हती. गावाला जे हवे ते करायचे, आणि गावाने त्याचे पैसे द्यायचे. म्हणजे कार्यशाळा हीच शाळा आणि गाव हेच गिऱ्हाईक. २००२ साली तिथे अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळा सुरू झाली. डॉ. कलबाग २००३ साली गेले. पण त्यांच्या प्रयोगातून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे इतर शाळांतही गेला.

पाबळची ही कार्यशाळा आणि जुने बलुते यांच्यात एक साम्य आणि एक फरक आहे. साम्य असे की दोन्ही ठिकाणी कामाची मागणी शेजाऱ्यापाजाऱ्याच्या गरजेतून येते. कुणाचे फाटक तुटले, कुणाला पाण्याची टाकी हवी, हे कारागिराला चालता-बोलता कळते. फरक असा की इथे येणाऱ्या मुलाला त्याची जात विचारत नाहीत. मोबदला कामावर ठरतो, आणि शिकून झाल्यावर ते मूल पाहिजे त्या गावाला जायला मोकळे असते.

आता न्हावऱ्यासारख्या गावात पाहावे. शेजारी साखर कारखाना उभा राहिला, उसाचा पैसा आला. चौकात वेल्डिंगचे दुकान, शिवणकामाचे दुकान, पाट्या रंगवणारा, गणपतीच्या मूर्ती घडवणारा असे कसबी लोक अशा गावांतून दिसतात. यांना बलुते नाही, रोख पैसा आहे. पण गाव लहान, ओळखी दाट. उधारी मागायची पंचाईत, आणि ‘घरचाच माणूस’ म्हणून दर पाडून मागणारेही पुष्कळ. इथे जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पूर्वी गाव कारागिराचा वाटा आधी काढून ठेवत असे. खळ्यावरून दाणा घरी जाण्यापूर्वी सुताराचे, कुंभाराचे माप वेगळे व्हायचे. शेजाऱ्याच्या दुकानाची उधारी सुगी होताच, इतर खर्चाच्या आधी फेडायची, एवढी शिस्त आपण पाळली तरी गावातले दुकान गावात राहील. आणि दुकानदाराने शेजाऱ्याचे काम म्हणून ते हलके करायचे नाही. इनामगावच्या कुंभाराचे मडके तीन हजार वर्षांनीही खणखणीत वाजते, हे त्याने आठवावे.

शिक्षकांना एक विनंती करून हे भाषण संपवतो. आपल्या गावात जी जुनी कसबे अजून चालतात, त्यांच्या हत्यारांची नावे मुलांकडून वहीत लिहून घ्या. किंकरे म्हणजे काय, थापटणे कसे धरतात, आवा कसा रचतात, हे त्या माणसालाच विचारायला पाठवा. माहिती तर मिळेलच, पण मूल त्याच्या दारात विद्यार्थी म्हणून उभे राहिले की त्या कारागिराचीही मान ताठ होईल.