दारूखाना, अलंग आणि पुढची विक्रांत

भारतीय नौदलाने आजवर चार विमानवाहू नौका चालवल्या. त्यातल्या दोन आज सेवेत आहेत. उरलेल्या दोन भंगारात गेल्या, एक मुंबईच्या दारूखान्याला आणि दुसरी गुजरातेत अलंगला. चौघींपैकी तिघी तर दुसऱ्यांच्या नौदलांसाठी बांधायला घेतलेल्या. या चौघींचा मागोवा घेताना दोन वारसे वेगळे धरावे लागतात. हलत्या डेकवरून विमान उडवण्याची आणि तिथेच उतरवण्याची विद्या हा पहिला. ती नौदलाने सांभाळायची असते. नौकांची आठवण हा दुसरा. ती सांभाळायची जबाबदारी बाकीच्या सगळ्यांची, म्हणजे आपली. पहिल्या वारशात खंड पडला, पण तो भरून काढता आला. दुसऱ्यात आपण दोनदा हरलो.

पहिली विक्रांत मुळात ब्रिटिश नौदलाची ‘हर्क्युलिस’. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, टाइन नदीकाठच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत तिचा कणा बसवला. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा युद्ध संपून गेलं होतं. पुढच्याच वर्षी काम थांबलं आणि अर्धवट सांगाडा जवळजवळ दहा वर्षं तसाच पडून राहिला. ‘मॅजेस्टिक’ वर्गातल्या या सहा बहिणी होत्या. दोघी कॅनडाकडे गेल्या, दोघी ऑस्ट्रेलियाकडे, आणि ‘लिव्हायथन’ पुरी न होताच मोडीत निघाली. हर्क्युलिस १९५७ मध्ये भारताने विकत घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीने तिरका उड्डाणडेक आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट बसवून ती पुरी केली. ४ मार्च १९६१ रोजी तिथेच, ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते, ती आयएनएस विक्रांत झाली. तिचे पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. भारतीय वैमानिकाने तिच्यावर पहिलं जेट उतरवलं त्याच वर्षी मे महिन्यात. ते लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले.

नोव्हेंबरात विक्रांत मुंबईत पोचली आणि महिनाभरातच गोवामुक्तीच्या कारवाईत गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पहाऱ्याला उभी राहिली. बाहेरच्या कुणी मध्ये पडू नये, एवढंच तिचं काम होतं. पोर्तुगीजांनी बांधलेली दाबोळीची धावपट्टी या कारवाईत भारताकडे आली. कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झालेला नौदलाचा हवाई तळ, आयएनएस हंस, १९६४ मध्ये तिथे हलला. तेव्हापासून आजपर्यंत डेकवरच्या लढाऊ विमानांचं जमिनीवरचं घर दाबोळीच आहे.

१९७१ च्या युद्धात विक्रांत उतरली ती दुखणं घेऊनच. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते. तो बंद ठेवून उरलेल्या तिघांवर चालायचं म्हणजे वेगाला मर्यादा. ही अडचण केवढी मोठी, हे डेकचं गणित पाहिलं की कळतं. कॅटापल्ट विमानाला ढकलतो, पण पंखांखाली पुरेसा वारा असेल तरच ते हवेत टिकतं. म्हणून नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करते आणि वेग वाढवते. वाहता वारा आणि नौकेचा वेग, दोन्हींची बेरीज विमानाच्या कामी येते. नौका मंद आणि वारा पडलेला असेल, तर तेच विमान कमी इंधन किंवा कमी बॉम्ब घेऊन उडवावं लागतं, नाहीतर उडवताच येत नाही. गोदीत बसवून ठेवण्याचा पर्याय समोर असताना विक्रांतला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आलं, तो निर्णय ही सगळी जोखीम जाणूनच घेतलेला होता.

पाकिस्तानने तिच्या मागावर ‘गाझी’ ही पाणबुडी पाठवली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानात दडवलं आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा आभास ‘राजपूत’ या विनाशिकेच्या मदतीने उभा केला. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ४ डिसेंबरला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला चढवला, मग चितगाववर. पुढचे दिवस सी हॉक आणि आलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानची बंदरं आणि जहाजं ठोकून काढली आणि समुद्रमार्गे निसटण्याची वाट बंद केली. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉकच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं.

१९८३ मध्ये सी हॅरियर आलं आणि डेकवरचं काम मुळापासून बदललं. हे विमान डेकच्या टोकाच्या चढणीवरून, म्हणजे स्की-जंपवरून, झेपावतं आणि परतताना हवेत थांबून सरळ खाली उतरतं. त्याला कॅटापल्टही लागत नाही आणि डेकवर ताणलेल्या अडवणुकीच्या तारांचीही गरज नसते. विक्रांतचा कॅटापल्ट निघाला, त्या जागी स्की-जंप बसला. तारेत हूक अडकवून उतरणारी आलिझे विमानं १९८७ मध्ये डेकवरून कायमची गेली.

त्याच वर्षी, १२ मे रोजी, विराट दाखल झाली. हीसुद्धा महायुद्धातच सुरू झालेली. जून १९४४ मध्ये बॅरोला कणा बसला आणि ब्रिटिश नौदलात ‘हर्मिस’ म्हणून ती आली थेट १९५९ मध्ये. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं नेतृत्व तिनेच केलं. भारताने ती १९८६ मध्ये घेतली तेव्हा ती पुरती मुरलेली नौका होती. तरीही तिने आपल्याकडे तीस वर्षं काढली आणि भारतीय ध्वजाखाली जवळजवळ ११ लाख किलोमीटर अंतर कापलं. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाल्यावर सगळा भार एकट्या विराटवर आला. ती दुरुस्तीला गोदीत गेली की नौदलाकडे उड्डाणाला डेकच उरत नसे.

विक्रमादित्य आली १६ नोव्हेंबर २०१३ रोजी. सोव्हिएत नौदलाची ‘बाकू’, नंतरची ‘ॲडमिरल गोर्श्कोव्ह’. १९९४ मध्ये बॉयलरखोलीत स्फोट झाला आणि दोन वर्षांत रशियाने तिला बाजूला काढलं. २००४ च्या करारात तिच्या रूपांतराचा खर्च ९७.४ कोटी डॉलर धरला होता. नौका हाती येईपर्यंत तो २३० कोटी डॉलरच्या वर गेला. तिच्या पुढच्या भागात क्षेपणास्त्रं होती. ती काढून तिथे सलग उड्डाणडेक आणि स्की-जंप बसवला.

खंड पडला होता तो इथे जाणवला. विक्रमादित्यवरची मिग-२९के विमानं स्की-जंपवरून उडतात खरी, पण उतरतात तारेच्या आधाराने. डेकला टेकता टेकता वैमानिक इंजिनाची पूर्ण ताकद लावतो, कारण हूक तारेत अडकला नाही तर त्याच दमात पुन्हा उडायचं असतं. भारतीय नौदलाने हे तंत्र आलिझेबरोबर मागे टाकलं होतं, त्याला पंचवीसएक वर्षं झाली होती. सी हॉक-आलिझेच्या काळातले वैमानिक केव्हाच निवृत्त झाले होते. नव्या पिढीला अमेरिकन नौदलाकडे आणि रशियात जाऊन ते शिकावं लागलं. मग आयएनएस हंसवर, दाबोळीतच, स्की-जंप आणि तारांसह डेकची प्रतिकृती उभी राहिली. तिथे सराव झाल्यावर ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी देशी बनावटीचं तेजस विमान विक्रमादित्यवर तारेच्या साहाय्याने उतरवलं. हरवलेली विद्या परत आली, पण तिच्यासाठी वर्षं आणि पैसा दोन्ही मोजावे लागले.

चौथी, नवी विक्रांत, ही पहिली जी आपण आपल्यासाठी बांधली. कोचीन शिपयार्डमध्ये २००९ मध्ये कणा बसला आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती दाखल झाली. लांबी २६२ मीटर, खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये. युद्धनौकेला लागणारं खास पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने ते देशातच तयार केलं. नाव तेच आणि नौकेचा क्रमांकही तोच, आर-११. त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज फडकला. त्यावरचा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

आता दुसरा वारसा. निवृत्तीनंतर जुनी विक्रांत मुंबईत तरतं संग्रहालय म्हणून ठेवली होती. डेकवर विमानं मांडलेली असत आणि नौदल सप्ताहात मुंबईकर बोटीतून तिथे जात. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं. पुढे लिलाव झाला, त्याविरुद्ध जनहित याचिका झाल्या, पण त्या सर्वोच्च न्यायालयातही टिकल्या नाहीत. २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालू लागले. तिच्या थोड्या धातूचं शिल्प नौदल गोदीच्या लायन गेटसमोर आहे, थोडं पोलाद बजाजच्या मोटरसायकलमध्ये गेलं.

विराट ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिचं सागरी संग्रहालय करायला मंजुरी दिली, ८५२ कोटींच्या आराखड्यासह. प्रत्यक्षात काहीच घडलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये टगबोटींनी तिला अलंगला ओढून नेलं आणि उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवलं. गोव्यात संग्रहालय करू पाहणाऱ्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तोडणी थांबवली. तोवर बरीच नौका कापून झाली होती आणि दोन महिन्यांत ती स्थगितीही उठली.

याचा दोष केवळ अनास्थेवर टाकणं मला पटत नाही. खाऱ्या पाण्यात उभं पोलाद गंजणारच. ते टिकवायचं तर दर काही वर्षांनी सुक्या गोदीत न्यावं लागतं, आणि एवढ्या नौका घेणाऱ्या गोद्या मोजक्याच असतात. ब्रिटनने तर आपली एकही विमानवाहू नौका राखलेली नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला ‘मिडवे’ आणि न्यूयॉर्कला ‘इंट्रेपिड’ टिकल्या, कारण तिथे जागा, संस्था आणि कायमचं उत्पन्न यांची सोय झाली. आपल्याकडेही चांगलं उदाहरण आहे. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त होताच समुद्रातून ओढून किनाऱ्यावर, पक्क्या पायावर बसवली. पुढच्याच वर्षी लोक तिच्या आत फिरू लागले, आजही फिरतात.

म्हणून माझं म्हणणं असं. अख्खी विमानवाहू नौका राखणं जमणार नसेल, तर तसं वेळेत आणि उघडपणे ठरवावं. मग तिचा कप्तानाचा मजला, स्की-जंप, अडवणुकीच्या तारांसह डेकचा एखादा तुकडा जमिनीवर उभा करता येईल. अट एकच: हे लिलावाच्या आधी ठरलं पाहिजे. लिलाव झाला की नौका भंगारवाल्याच्या मालकीची होते आणि पुढचं सगळं कोर्टात जातं. दोन्ही वेळा झालं ते हेच. विक्रमादित्यचा सांगाडा १९८२ मध्ये पाण्यात उतरला, म्हणजे त्याने चाळिशी ओलांडली आहे. तिचा तळ कारवारला आहे. तिच्यातलं काय राखायचं, कुठे ठेवायचं आणि पैसे कुणी द्यायचे, हे नौदल, केंद्र आणि किनाऱ्यावरची राज्यं यांनी ती सेवेत असतानाच कागदावर आणायला हवं. हे ठरवायला निवृत्तीचा दिवस फार उशिराचा ठरतो, हे विराटने दाखवून दिलं आहे.